फाटकावरची काडेपेटी

खामगावच्या वेशीबाहेर एकेकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्यांची रांग होती. शहर वाढत गेलं आणि ते सगळं त्याच्या पोटात गेलं. जिथं कापसाच्या गंज्या लागायच्या तिथं आता मंगल कार्यालय आहे, शिकवणी वर्ग आहेत आणि आमचं नवं घरही. कॉलनीला कोणीतरी गोंडस नाव दिलंय, पण रिक्षावाले अजून "जिनिंगात जायचं का?" असंच विचारतात. मला ते आवडतं. माझी माय याच जिनिंगात रेच्यावर बसायची, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रावर.

कापसाला ठिणगी चालत नाही. म्हणून कामावर जाताना सगळ्यांनी बिड्या-काडेपेट्या फाटकाशी चौकीदाराच्या ओट्यावर ठेवायच्या आणि सुटीचा भोंगा झाला की उचलायच्या. माय बिडी ओढायची नाही, पण मागे आम्ही पोरं चुलीशी खेळू नये म्हणून घरची काडेपेटी कमरेला खोचून न्यायची. एका वर्षी आत ठिणगी पडलीच. शेजारच्या रेच्यावरची तिची मैत्रीण त्या आगीत गेली. पुढे जिनिंग बंद झालं, तेव्हापासून माय या बाजूला फिरकली नाही.

तिनं आमच्याकडे राहायला यावं म्हणून मी किती मागे लागले. तिचं आपलं एकच, "पाहू." शेवटी वास्तूचं पहिलं दूध तूच उतू घालव, अशी गळ घातली तेव्हा कुठं आली. तेही एका दिवसापुरती.

शेगडीवर पातेलं चढलं, पाहुणे जमले. लायटर सामानात गडप झालेला. मायच्या कमरेला मात्र अजूनही काडेपेटी असायचीच.

"माय, काडेपेटी दे."

"फाटकावर ठेवली."

कुठलं फाटक? ते पाडून तिथं मोबाइलचं दुकान झालंय. नणंदा हसल्या, मी चिडले. तणतणत दुकानावर गेले, तर ओट्यावर काडेपेटी नीट ठेवलेली.

"आजी ठेवून गेल्या," दुकानदार म्हणाला. "सुटी झाली का घेऊन जाईन, म्हने."

माझा राग तिथंच गळाला.

माय दारातच उभी होती. माझ्या हातात काडेपेटी पाहून तिचा चेहरा उतरला. "आत नको आणू, बाई."

"माय, जिनिंग कवाचं बंद झालं. सुटी झाली."

"भोंगा कुठी झाला?"

खरं होतं. एका सकाळी बाया कामाला गेल्या तर फाटकाला कुलूप. शेवटची सुटी त्यांना कोणी दिलीच नव्हती.

"मंग तूच सांग," मी म्हटलं. "पेटवू का नको?"

तिनं घरभर नजर फिरवली, कोपऱ्यात कुठं कापूस राहिला नाही ना अशी. मग हात पुढे केला. काडी तिनंच ओढली. दूध उतू गेलं तशी ती मैत्रिणीचं नाव घेऊन रडायला लागली. मलाही आवरेना.

संध्याकाळी तिला सोडायला रिक्षा बोलावली. निघताना काडेपेटी तिच्या हातात दिली, तर तिनं ती परत शेगडीजवळ नेऊन ठेवली.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "सकाळी मले चहाले लागन."