उरंल तेवढं

आमच्या घरातले किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारामागं कॅरीबॅगा साचतात ना, तसे साचले. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. फेकायला जावं तर कामाची वाटते, आणि एक ओढली की चार बाहेर येतात. यंदा मात्र जे निघाले ते सगळे खाण्यापिण्याचेच. माझा शेजारी पुंडलिक म्हणतो, "लेहून काढ बावा, आयकून आयकून माहे कान दुखले." मी चौथी शिकलेला माणूस. गोड लिहिता येत नाही, गोड बोलताही येत नाही. झालं तसं सांगतो.

* * *

श्रावणातली गोष्ट. माझी बायको कौसल्या अंगण झाडता झाडता खाली बसली. म्हणाली, "अवो, जमीन हालून राह्यली."

मी म्हणालो, "जमीन जागेवरच हाये. तूच हालून राह्यली!"

बोललो खरा, पण तिचे ओठ पाहिले तर पिठासारखे पांढरे. तशीच जीपमध्ये घातली आणि आमच्या रिठद गावाहून तालुक्याचं रिसोड गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं डोळ्याची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, रक्त काढलं. रिपोर्ट आला. बाई म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे, पण आजीचं रक्त फार कमी झालंय."

मी भडकलो. "कमी कसं होईन? घरी कोठीभर जवारी हाये, तूर हाये, गोठ्यात म्हैस हाये!"

बाईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. कौसल्येला विचारलं, "आजी, तुम्ही काय जेवता?"

"सगळे जेवतेत तेच."

"किती जेवता?"

"उरंल तेवढं."

आता बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी वर पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता!

बाई म्हणाली, गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. पालेभाजी, उसळ, तीळ, गूळ, लिंबू, दोन वेळा पोटभर आणि वेळेवर. दोन महिन्यांनी परत तपासू. रक्त चढलं नाही तर वाशीमला भरती करून रक्ताची बाटली लावावी लागेल. सगळं एका कागदावर लिहूनही दिलं. मग म्हणाली, "आणि आजोबा, तुम्ही एवढे ओरडता, तुमचंही बीपी पाहते." पाहिलं. माझंही तेल-मीठ कमी झालं. गेलो होतो एकीला घेऊन, आलो दोन पेशंट!

परत येताना जीपमध्ये कौसल्या एकच वाक्य बोलली. "मले भरती नका करजा." तिची मोठी बहीण भरती झाली होती, ती घरी आली नव्हती. माझ्या तोंडून रिसोड ते रिठद एक शब्द नाही. पुंडलिक म्हणतो, तो माझा रेकॉर्ड आहे.

* * *

त्याच दिवशी घरात हुकूम काढला. "आजपासून बुढी पयली जेवन!"

मुलगा गजू, सून रेखा, दोघं माझ्या तोंडाकडं पाहतात. कौसल्येला पाटावर बसवलं. ती ताटासमोर अशी बसली जसा कोणी फोटो काढतो आहे. अर्धी भाकर खाल्ली आणि उठली.

"काहून उठली?"

"तुमच्या आंधी घास उतरत नाई."

पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. त्या दिवशी मला कळलं की मी हिला जेवताना पाहिलेलंच नाही. मी जेवून हात धुवायचो, खाटेवर जायचो. मागं काय उरतं, कोण खातं, मला काय माहीत!

मग ठरलं, सगळ्यांनी सोबत बसायचं. पण ही बाई बसेल तर ना! मीठ आणायला उठली. पाणी आणायला उठली. रेखानं मीठ, पाणी, कांदा, भाकरीची टोपली सगळं मधोमध आणून ठेवलं, तरी उठली.

"आता कायले उठली?"

"पाय उठले."

शेवटी मी विचारलं, "रिसोडच्या एसटीत सीट भेटल्यावर तू उठते का?"

"कायले उठू? उठली का दुसरी बाई बसते!"

"मंग ही तुही सीट हाये. उठली तं गेली!"

त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या. वर मलाच म्हणाली, "थोडं सरका तिकडं."

* * *

डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, भाजी लोखंडी कढईत करा. आमच्याकडं कढई होती, माझ्या आईच्या वेळची, चांगली जाड. पण घरात स्टील आलं आणि कढई गोठ्यात गेली. पंधरा वर्षं म्हैस तिच्यात सरकी खात होती.

म्हशीपुढून ती काढली तेव्हा म्हशीनं माझ्याकडं जसं पाहिलं, तसं माझ्या सासऱ्यानंही कधी पाहिलं नव्हतं. रेखानं कढई राखेनं घासली, चिंचेनं घासली, कोळशावर तापवली, परत घासली. मग तिच्यात पालक केला. भाजी निघाली काळीकुट्ट!

गजू म्हणाला, "हे भाजी हाये का ट्रॅक्टरचं ऑइल?"

कौसल्येनं घास घेतला. चावला. म्हणाली, "ब्येस लागते."

गजूनं मग ताट पुढं ओढलं, गोठ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आता समजलं, आपली म्हैस येवढी तकतकीत काहून हाये!"

* * *

आता माझं दुःख ऐका. आमच्या भागात रस्स्यावर बोटभर लाल तेल तरंगलं नाही तर पाहुणा समजतो, यांना आपण आलेलं आवडलं नाही. त्या तेलाला तर्री म्हणतात. मी जन्मभर तर्री आधी पाहिली आणि रस्सा नंतर.

बीपी निघाल्यावर रेखानं तेलाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. मटकीची उसळ केली. वाटीत पाहतो तर आपलाच चेहरा दिसत नाही.

मी ओरडलो, "रेखा! याच्यातली तर्री कुठी गेली?"

आतून शांत आवाज आला, "माहेरी गेली, बाबा."

"वापस कवा येईन?"

"दिवाळीले."

सून बोलायला लागली की समजावं, घर आता तिचं झालं. मी गुमान उसळ खाल्ली. वाईट नव्हती. पण हे तिला सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

* * *

कौसल्येचं खरं जेवण म्हणजे चहा. सकाळी शिळी भाकर चहात बुडवली की तिचं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, जेवणासोबत चहा घेतला तर खाल्लेलं अंगी लागत नाही. चहा घ्या, पण जेवणानंतर तासाभरानं.

आठ दिवस कुरकुर झाली. मग एकदम शांत! मला संशय आला. रोज सकाळी जेवण झालं की ती वाटी घेऊन पुंडलिकाकडं जायची. मी पुंडलिकाला धरलं.

तो म्हणाला, "वयनी हळद मांगाले येतेत."

"रोज?"

"रोज."

"लगन कोनाचं हाये तुह्या घरी? रोज हळद लागून राह्यली!"

पुंडलिक हसला आणि सगळं बाहेर आलं. बुढी तिथं जाऊन चहा पीत होती. कौसल्या म्हणाली, "तास झाला का नाई, मले काय समजते? मले घड्याळ येते का?"

मुद्दा बरोबर होता. मग आम्ही चहाचं गणित एसटीवर बसवलं. तिचं जेवण साडेआठला, रिसोडची गाडी साडेनऊला. गाडीचा हॉर्न वाजला की आधण ठेवायचं. झकास जमलं.

एक दिवस गाडी पंक्चर झाली. साडेनऊ गेले, दहा गेले, साडेदहा गेले. बुढी हातात कप घेऊन दारात. मी म्हणालो, "टाइम होऊन गेला, पे ना आता." ऐकायलाच तयार नाही. गाडी नाही तर चहा नाही! अकरा वाजता गाडी आली. कौसल्या थेट स्टँडवर, कंडक्टरपुढं.

"तुमच्या पायी माहा चा राह्यला!"

कंडक्टर बिचारा गोंधळला. पण चांगला माणूस. आता गाडी रोज आमच्या घरापुढं दोनदा जास्तीचा हॉर्न मारते.

* * *

पालेभाजी म्हणजे बाजारातून आणायची, असं मला वाटायचं. एक दिवस रेखा शेतात आली. सोयाबीनच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाकली आणि ओटीत काय काय तोडायला लागली. तरोटा, तांदूळजा, घोळ.

मी म्हणालो, "रेखा, ते तन होय!"

"बाबा, डॉक्टरीणबाईच्या कागदावर हेच हाये. माही आजी करे."

ऐका आता. आमच्या आया हेच खायच्या. मी मात्र इतकी वर्षं पाठीवर पंप घेऊन, तोंडाला रुमाल बांधून, हेच मारत फिरत होतो. आणि ज्या घरानं हे मारलं त्याच घरात बाई रक्तावाचून खाली बसली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गजू पंप भरून निघाला. मी धुऱ्यावर आडवा उभा राहिलो.

"बाबा, सरका ना. दवाई उडन अंगावर."

"या धुऱ्यावर फवाराचं नाई."

"काहून?"

"इथी तुह्या मायचं रगत हाये!"

गजूनं पंप खाली ठेवला. आता त्या धुऱ्यावर एवढा तरोटा माजला आहे की पुंडलिक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "हे बुढ्याची ब्लड बँक होय."

* * *

दोन महिने झाले. परत रिसोड. कौसल्येनं जाताना देवाला नमस्कार केला, कढईला केला आणि पिशवीत एक जास्तीचं लुगडं टाकलं. मी विचारलं, "हे कायले?" म्हणाली, "भरती केलं तं लागंन."

रक्त काढलं. आम्ही बाकड्यावर बसलो. रिपोर्ट आतमध्ये गेला. मग आम्हाला बोलावलं. बाई कागद वाचते आहे, वाचते आहे. मी चौथी शिकलो, पण एक कागद वाचायला मलाही इतका वेळ लागत नाही!

मग बाई हसली. "आजी, छान चढलंय. बाटलीची काही गरज नाही. असंच चालू ठेवा."

कौसल्या पिशवी पोटाशी धरून बसली होती, ती हळूच खाली ठेवली.

बाईनं विचारलं, "आता काय जेवता?"

"सगळं."

"किती?"

"हे उठू देतीन तवा ना!"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. पंखा चालू होता. असं गार वारं त्या दवाखान्यात मला कधी लागलं नव्हतं.

येताना जीपमध्ये मी इतका बोललो की ड्रायव्हरनं टेपचा आवाज वाढवला.

* * *

सोयाबीन निघालं आणि पुंडलिकानं नवसाचे रोडगे ठेवले, त्याचा गुडघा बरा झाला म्हणून. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे. फोडायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. शेतात लिंबाखाली अर्धं गाव जमलं. पहिली पंगत माणसांची, मग बायांची. असंच चालत आलं आहे, कोणी ठरवलेलं नाही.

आम्ही उठून पंगतीकडं निघालो तर पहिल्या पत्रावळीवर कौसल्या बसलेली!

वाढायला पुंडलिकाचा जावई होता. तो वाकून हळूच म्हणाला, "मावशी, बायाइची पंगत मांगून हाये."

कौसल्येनं पिशवीतून डॉक्टरीणबाईचा कागद काढला. घड्या उलगडल्या. "वाच. येळेवर जेवाचं लेहलं का नाई?"

जावयानं वाचलं. "लेहलं हाये."

"मंग माही येळ झाली. वाढ."

लिंबाखाली सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहत होतो, कारण शेतात पंखा नसतो.

तेवढ्यात आराजवळून पुंडलिकाची बायको उठली. सकाळपासून रोडगे फिरवत होती, तोंड लालबुंद. पदरानं घाम पुसला, कौसल्येशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "कौसल्याबाई, तो कागद जरा इकडं द्या."

तिनं कागद पत्रावळीशेजारी ठेवला. जावई वाढून पुढं सरकला, तर कागदही पुढं सरकला. तिसऱ्या बाईनं घेतला, चौथीनं घेतला. एकाच कागदावर पुरी पंगत बसली! रेखा सगळ्यात शेवटी बसली, कागद तिच्याकडं आला, तो तिनं नीट घडी करून कमरेला खोचला.

जावई एकटा काय काय वाढणार? मग पुंडलिकानं वरणाची बादली उचलली. गजूनं तूप घेतलं. मी भाजी घेतली. जन्मात पहिल्यांदा वाढत होतो, अर्धी पत्रावळीवर, अर्धी मातीत. कौसल्या म्हणाली, "इकडं आना अजून." मी दिली. परत म्हणाली, "अजून." परत दिली. बाया सावकाश जेवल्या. कोणालाही घाई नव्हती.

मग आम्ही बसलो. ऊन डोक्यावरून उतरलं होतं. जावई बादली हलवत माझ्यापुढं आला, आत पाहिलं, अवघडला.

"मामाजी, वांग्याची भाजी सरत आली. वरण बुडाशी हाये. रोडगे दोन-चार असतीन. तुमाले कितीक वाढू?"

पुरी पंगत माझ्याकडं पाहायला लागली. तिकडं कौसल्या हात धूत होती. तिनंही तांब्या थांबवला.

मी म्हणालो, "उरंल तेवढं."