सव्वातीनची हाक

“मुलीच्या सासरची भिंत आहे ती. आपण तिला नावं ठेवायची नसतात.”

काका हे मला उद्देशून बोलले नव्हते. ओसरीवर पेन्सिलीला टोक करता करता ते स्वतःशीच पुटपुटले, आणि आत टेबलापाशी मला ऐकू आलं. माझ्यासमोरच्या वहीत एका घरापुढे त्यांनी तांबड्या पेन्सिलीने फुली मारली होती. ते घर माझ्या अक्काचं — थोरल्या बहिणीचं.

भुताखेतांवर, संकेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले. मैत्रिणी प्लँचेट मांडायच्या तेव्हा मी पुस्तक घेऊन लांब बसायचे. शिवाय स्वभावाने अबोल. हे लिहायलाही मला चार वर्षं लागली...

लढाईचे दिवस होते. आम्ही नगरला माळीवाड्यात राहायचो. आईवडील लवकर गेले, काकांनीच आम्हा दोघींना वाढवलं. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीवरच्या एका लहानशा बंदरात काढली होती आणि अक्कालाही त्याच गावात दिलं होतं. तिथे अधूनमधून धरणीकंपाचे धक्के बसत. फार मोठे नाहीत — फळीवरची भांडी वाजायची, दीपमाळेला चीर जायची, चार दिवस बोलून लोक विसरायचे. काका विसरले नाहीत. म्हाताऱ्यांना विचारून त्यांनी जुन्या धक्क्यांच्या हकिगती जमवल्या. घरोघर जाऊन भिंती पाहिल्या: जांभ्याच्या सांध्यात चुना आहे की नुसती माती, खाली खडक आहे की खाडीत भर घालून केलेली जमीन. निवृत्त झाल्यावर ते सगळं इंग्रजीत लिहून सरकारला पाठवायचं ठरलं. फेअर कॉपीचं काम माझ्याकडे आलं.

अक्काच्या घराची नोंद अशी होती: ‘मागची भिंत. मातीचे सांधे. भरावाची जमीन. पोट सुटले आहे. धक्का बसल्यास प्रथम ही.’

“काका, त्यांना कळवू या ना,” मी एकदा धीर करून म्हटलं.

“काय कळवू? तुमचं घर पडायला झालंय? म्हणतील, मुलगी देताना दिसलं नाही का! आणि ते ऐकायचं कुणी? अक्काने.” मग जरा नरमून म्हणाले, “मे महिन्यात जाईन तेव्हा सहज विषय काढीन.”

मी स्वतः अक्काला पत्र लिहायला घेतलं. पण तिला आलेलं पत्र आधी तिच्या सासूबाई वाचून घेत. दोन ओळी लिहून मी कागद फाडून टाकला.

मग ती दुपार. पौषातली. काका आतल्या खोलीत झोपले होते. आमच्याकडे कामाला येणारी शेवगावची सखूबाई अंगणात बाजरी पाखडत होती. मी नोंदी उतरवत अक्काच्या घरापाशी आले. ‘बॅक वॉल’ एवढे शब्द लिहिले आणि... कसं सांगू? डोळ्यांपुढे काही दिसलं वगैरे नाही. नुसती छातीतून एक हाक वर आली — ‘अक्का, बाहेर ये!’ मी इतक्या झटक्याने उठले की खुर्ची मागे पडली. तोंड उघडलं. पण काका दचकून उठतील, सखूबाई काय म्हणेल... मी ती हाक गिळली. खरोखर गिळली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

“काय वो ताई, उचकी लागली व्हय?” सखूबाईने सूप थांबवून विचारलं.

“तुला काही ऐकू आलं का ग?”

“न्हाई बा. निस्तं त्वांड उघाडल्यालं दिसलं. पानी आनू?”

दुसऱ्या दिवशी तार आली. त्या गावात धक्का बसला होता. लहानच, अख्ख्या गावात एक भिंत पडली. अक्का वाचली. तिच्या सासूबाई त्या भिंतीलगत आडव्या झाल्या होत्या. आठवड्याने त्या गेल्या.

तेरावं उरकल्यावर अक्काला माहेरी पाठवलं. विश्रांतीसाठी, असं म्हणाले. पण बरोबर तिची सगळी लुगडी, लग्नातली भांडीसुद्धा होती.

“तू कशी ग आली होतीस त्या दिवशी?” तिने आल्या आल्या मला विचारलं.

“कुठे?”

“मागच्या अंगणात. ‘अक्का, बाहेर ये’ म्हणालीस. तुझाच आवाज. मला वाटलं, न कळवता आलीस. तशीच पिठाच्या हातांनी धावत उतरले. तीनचे टोल होऊन थोडाच वेळ झाला होता. बाहेर कोणी नाही. मागे वळते तोवर...” ती अगदी हळू म्हणाली, “सासूबाईंना का नाही ग बोलावलंस?”

गिळलेल्या हाकेचं मी तिलाही सांगितलं नाही.

सासरी सगळे म्हणत होते, हिला हादरा आधी कळला आणि म्हातारीला टाकून ही पळाली. नणंद तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायची, “नगरची बहीण आली होती हो खाडीवर, हाक मारायला!”

महिन्याने भावजी आले. मांडीवर टोपी ठेवून बसले. चहाला हात लावला नाही.

“आईला टाकून ती पळाली असेल, तर मी तिला नेणार नाही,” ते काकांना म्हणाले. “पण मला खरं काय ते कळू दे.”

काका खाकरले. मला वाटलं, आता भिंतीचं सांगतील.

“प्रारब्ध. दुसरं काय!” काका म्हणाले.

भावजी माझ्याकडे वळले. “तू त्या दिवशी इथंच होतीस ना?”

“हो.”

“मग हिने ऐकली ती हाक कुणाची?”

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मनाचा खेळ म्हणावा, तर दोन मनांचा, तोही एकाच वेळी? सहा हातांवर बसलेल्या सखूबाईला जे ऐकू गेलं नाही, ते दोनशे मैलांवर कसं गेलं? काही पुस्तकं चाळली, एका प्रोफेसरांना आडून विचारलं. हाती काही लागलं नाही. आणि खरं सांगायचं तर हाक पोचली कशी, यापेक्षा तिच्यात एकच नाव का होतं, हे मला जास्त छळतं.

दाराआड अक्काच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. काका माझ्याकडे पाहत नव्हते. पाहुण्यांसमोर तोवर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

“ती भिंत पडणार हे आम्हाला ठाऊक होतं, भावजी,” मी म्हणाले. “हाक माझीच होती. आईंना बोलवायचं मला सुचलं नाही.”