अर्थिंग

उमेदीची वर्षं मी पृथ्वीच्या चुंबकत्वामागे घालवली. ते काम शांत. मग ढगांतल्या विजेचा नाद लागला आणि पासली गावाच्या वर एका भातखाचराच्या बांधावर मी लोखंडी खांब रोवून मोजणीचं यंत्र बसवलं. शेताचा मालक बोलका, चौकस. खांबाशेजारी खड्डा त्यानंच खणून दिला. त्यात मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरताना त्यानं विचारलं, "हे कशापायी?"

"अर्थिंग. वीज पडली तर इथून जमिनीत जाते."

त्याला ते फारच पटलं. गावभर सांगत सुटला.

कापणीच्या दिवसांत भरदुपारी वादळ चढलं. मी खाली रस्त्यावर गाडीत होते. कानठळ्या बसल्या, डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं आणि वरून बायकांचा आक्रोश ऐकू आला. धावत पोचले, तर मालक खाचरात उताणा आणि त्याचा धाकटा भाऊ फावड्यानं त्याच्यावर चिखल लोटतोय. छाती हलत नव्हती.

"बाहेर काढा त्याला!"

"हात लावू नका म्याडम, अंगात करंट हाय," भाऊ म्हणाला. "तुमीच सांगितलं न्हवं, अर्थिंग दिलं की वीज जमिनीत जाती?"

माणूस म्हणजे बॅटरी नव्हे. वीज केव्हाच निघून गेलेली असते, मागे राहतं ते बंद पडलेलं काळीज. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात; मला तेवढा वेळ नव्हता. फावडं हिसकावून मी दांडा भावाच्या खांद्यावर घातला. तो कोसळला. मालकाच्या बायकोनं माझे केस धरले, मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. चिखलातून ओढून त्याची छाती सगळा भार टाकून दाबू लागले. हाताखाली बरगडी मोडली.

"मारलं हिनं त्येला," बायको ओरडली. कुणीतरी पाठीत ढेकूळ हाणलं. मी दाबत राहिले. शेवटी तो खोकला आणि चिखल ओकला.

एका कानानं बहिरा झाला, पण वाचला. जत्रेत त्याच बायकोनं माझी ओटी भरली. भाऊ खांदा चोळत म्हणाला, "म्याडमचा हात लई जड." सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, समजलं यांना.

पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीत एका बाईवर वीज पडली. मी पोचले तेव्हा ती गळ्यापर्यंत चिखलात होती, गार पडलेली. शेजारी तोच भाऊ बसला होता, कोपरापर्यंत हात चिखलानं भरलेले.

"लगोलग अर्थिंग दिलं, म्याडम," तो रडत म्हणाला. "आमच्या दादाला लागू पडलं. हिला न्हाई."