पेजवरून चुकून गेलेलं उत्तर

त्या वर्षी माझं काम होतं तरुण मुलामुलींना सिगरेट आणि वेप सोडायला लावायचं, आणि मी स्वतः दिवसाला पाच-सहा सिगरेटी ओढत होते. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. घरी कुणालाच माहीत नाही, असं मला वाटायचं.

घर दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबांनी सगळी नोकरी एकाच मंत्रालयात काढली. मी मात्र मेट्रोनं गुरुग्रामला जायचे. बाबांनी तिथे मोहरीची शेतं पाहिली होती, मी काचेचे टॉवर पाहत होते. आमची जाहिरात कंपनी एका आरोग्यसंस्थेचं सोशल मीडियावरचं पेज चालवायची आणि त्यावर लिहायचं काम माझं. काळवंडलेल्या फुफ्फुसांचा फोटो शोधायचा, त्यावर एक घाबरवणारी ओळ लिहायची, पोस्ट टाकायची आणि सिगरेट ओढायला टॉवरमागच्या चहाच्या टपरीवर जायचं. पोस्टखाली बहुतेक हसणारे चेहरे यायचे.

एका दुपारी एका मुलीनं हिंदीत लिहिलं, "दीदी, ही फुफ्फुसं मी सहावीपासून बघतेय. फोनवर कुणी शिव्या घालतं आणि हात थरथरायला लागतात, तेव्हा काय करायचं ते सांगा ना."

ती फरीदाबादची होती, कॉल सेंटरमध्ये नुकतीच लागलेली. आंब्याच्या वासाचं वेप ओढायची आणि सुरुवातीला तिला ते निरुपद्रवी वाटलं होतं. हे सगळं मला पुढे कळलं. त्या क्षणी फक्त तिचा प्रश्न समोर होता. मी लिहिलं, "मला नाही माहीत. मीही ओढते. आत्ताच ओढून आले."

हे तिला एकटीला पाठवायचं होतं. ते गेलं फोटोखाली, संस्थेच्या नावानं, सगळ्यांना दिसेल असं.

थोड्या वेळानं आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. मी दारातूनच म्हणाले, "सॉरी मॅडम, अभी डिलीट करती हूँ."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्या उत्तराखाली लोक लिहीत होते. एक मुलगी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये लपून ओढायची. एकानं बायकोला दिलेलं वचन तीनदा मोडलं होतं. कुणीही हसत नव्हतं.

"रहने दो," मॅडम म्हणाल्या. "क्लायंट से मैं बात करूँगी. पर अब तुम्हें छोड़नी पड़ेगी. और रोज़ लिखना, जो हो वही."

ते उत्तर टाकायचा निर्णय आपला स्वतःचा होता, असं मॅडमनी क्लायंटला सांगितलं. मला हे फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी लिहायला लागले. डोकं दुखतंय. आज उगाच कॅबवाल्यावर खेकसले. खिशात भाजलेले चणे ठेवलेत. फरीदाबादची ती मुलगीही माझ्याबरोबर सोडायला लागली. आम्ही ठरवलं, तलफ आली की एकमेकींना मेसेज करायचा आणि खिडकीतून काय दिसतंय ते सांगायचं. ती लिहायची, "समोरच्या कारखान्याच्या छपरावर दोन कबुतरं भांडतायत." मी समोर बांधल्या जाणाऱ्या टॉवरच्या क्रेनबद्दल लिहायचे. लिहून होईपर्यंत तलफ जरा ओसरायची. मग आम्ही तेच पेजवर टाकलं: तलफ आली? खिडकीबाहेर काय दिसतंय, सांगा. कुणाच्या गच्चीवर वाळणारी रजई, कुणाच्या पार्किंगमध्ये झोपलेली मांजर. फुफ्फुसांचे फोटो आम्ही बंदच केले.

बाराव्या दिवशी एका मीटिंगनंतर मी खाली जाऊन सिगरेट ओढली. खूप लाज वाटली, पण लिहिलं. तिचं उत्तर आलं, "तो क्या हुआ दीदी? आधीचे अकरा दिवस कुणी परत घेऊन गेलं का?"

मी टेबलावर डोकं टेकून रडले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली.

त्याच आठवड्यात रविवारी आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ते पेजवर लिहितेस ती तूच ना? चण्यांवरून ओळखलं. तुझ्या जीन्सच्या खिशातून रोज सालं निघतायत."

मी नकळत खिसा चाचपला.

"वास मला वर्षभर येत होता गं. तू आपणहून सांगशील म्हणून थांबले होते."

"चिडली नाहीस?"

"चिडले होते ना. चांगलीच चिडले होते. पण तुझं ते बाराव्या दिवसाचं वाचलं." एवढं बोलून तिनं अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघी मेथी निवडत बसलो.

करार संपल्यावर ते पेज बंद झालं. मी मात्र त्यानंतरही सिगरेट ओढली नाही. त्या मुलीचं वेप दोनदा परत सुरू झालं, तिसऱ्यांदा कायमचं सुटलं. एका थंडीत ती स्वेटर घ्यायला आमच्या सरोजिनीच्या बाजारात आली, तेव्हा आम्ही पहिल्यांदा भेटलो. माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, अखंड बोलणारी. मी तिला थँक्यू म्हणायला गेले, तर तिनं हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "दीदी, हे धरा आधी. तो लाल स्वेटर कुणीतरी उचलेल." आणि गर्दीत घुसली.