दुलीचंदांचं ‘हौ’

आमच्या व्हरांड्यातून समोरच्या चर्चचं दार दिसतं. रविवारी मी पेपर घेऊन तिथं बसतो आणि आतली प्रार्थना आपोआप कानावर पडते. मध्यावर सगळे उभे राहून विश्वासाचा पाठ म्हणतात. येशू कुमारीच्या पोटी जन्मला, मेला आणि पुन्हा उठला, मेलेले सगळे एक दिवस उठतील, यावर माझा विश्वास आहे, असा तो पाठ. हा पाठ सुरू झाला की एक उंच, सावळा माणूस आतून बाहेर येतो, हे फार पूर्वीच माझ्या ध्यानात आलं होतं. पायरीवर चपलांचा ढीग असायचा. तो उकिडवा बसून एकेक जोडी शोधायचा आणि ओळीनं लावायचा. आतले आवाज थांबले की हात झटकून परत आत. प्रवचन मात्र शेवटपर्यंत ऐकायचा. मला वाटायचं, चर्चचा शिपाई असेल.

पुढं हाच माणूस बदली होऊन आमच्या सोसायटीच्या धान्य गोदामावर गोदामपाल म्हणून आला. मी तिथं लेखापाल. नाव कळलं, दुलीचंद मेश्राम. घर बौद्धांचं. मग तर मला राहवेना. एकदा डबा खाताना विचारलंच, “तुम्ही चर्चमध्ये चपला कशाला लावता हो?”

“तेवढ्या वेळात दुसरं काय करू, बडे बाबू? आत सारे म्हणतात, माझा विश्वास हाय. माझा नाही. मंग उगाच तोंड हलवत काहून उभं राहू? बाहेर येतो. रिकामं बसवत नाही म्हणून चपला लावतो.”

“मग जाताच कशाला?”

“प्रवचन आयकाले. ते मले पटते.”

दुलीचंदांचे वडील तिरोडीला मॅंगनीजच्या खाणीत होते. त्यांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडून दिले होते. मुलाला शिकवायचं म्हणून मिशनच्या वसतिगृहात ठेवलं. तिथले वॉर्डन रोज जेवणाआधी मुलांना येशूच्या गोष्टी वाचून दाखवत. पाण्यावर चालणं, आंधळ्याला डोळे येणं, मेलेला उठून बसणं, यातलं दुलीचंदांना काही पटलं नाही. “बापानं घरातले देव काढले, मी दुसरे कुठून आणू?” असं ते म्हणत. पण येशूनं डोंगरावर बसून लोकांना जे सांगितलं, ते त्यांनी जन्मभरासाठी उचललं. वैऱ्यावरही माया कर. दान करशील तर गाजावाजा करू नको. शपथा घेऊ नको. हो असेल तिथं हो म्हण, नाही असेल तिथं नाही म्हण.

हे शेवटचं पाळणं नोकरीत किती अवघड असतं, ते नोकरी केलेल्यालाच कळेल. एका पावसाळ्यात प्रेमलाल नावाचा आमचा हमाल ताडपत्री ओढायला विसरला आणि धानाच्या पोत्यांची एक थप्पी भिजली. तपासणीला साहेब आले तेव्हा ‘ओल जमिनीतून आली’ असं सांगायचं आमचं सगळ्यांचं ठरलं होतं. साहेबांनी दुलीचंदांना विचारलं, “धान भीगा है क्या?”

“हौ साहेब. ताडपत्री नव्हती.”

“किसकी गलती?”

“वो मैं नहीं बताऊंगा, साहेब. गोदाम मेरा है.”

निलंबित झाले. प्रेमलाल रडत त्यांच्या घरी गेला, तर त्याला जेवू घालून परत पाठवलं. आम्ही मात्र त्यांना मागून ‘येशू मेश्राम’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. “येशू नका म्हणू, बावा,” ते हसून म्हणाले. “तो पाण्यावर चालत होता. मले तर वैनगंगेत पोहता बी येत नाही.”

चर्चशी त्यांचा संबंध बायकोमुळं, विमलाबाईंमुळं टिकला. विमलाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, पक्क्या श्रद्धावान. लग्न कचेरीत झालं. मुलं चर्चमध्ये जातील, पण बापाला कुणी बाप्तिस्मा घे म्हणणार नाही, असं दोघांनी ठरवलं आणि पाळलं. अनुराग आणि पौर्णिमा, अशी दोन मुलं. घरी एका भिंतीवर बुद्ध, दुसरीवर क्रूस. पाहुणे आले की विमलाबाई म्हणायच्या, “यांचं बरं हाय. मेहनतीचं सारं यायनं घेतलं अन् फुकटचं सुख मले ठेवलं.”

चर्चचे पाळक पास्टर महेंद्र माणूस मोकळा. एकदा आम्ही तिघं माझ्या व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. पास्टर म्हणाले, “मेश्रामजी, तुम्ही धानाचं टरफल काढून तांदूळ तेवढा घेतला. पण भरडलेला तांदूळ पेरता येत नाही, एवढं गोदामवाल्याला तरी माहीत पाहिजे.”

“पेराचं कोनाले हाय, पास्टरसाहेब? मले खाले लागते.”

आम्ही तिघंही हसलो. ते वाक्य मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. चांगलं वाक्य होतं.

अनुराग मलाजखंडला एका ठेकेदाराकडं कामाला लागला होता. घरी येताना बिरसाच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकची धडक बसली. लग्न ठरत होतं. ख्रिस्ती दफनभूमीत त्याला ठेवलं. पास्टरांनी कबरीवर माती टाकून म्हटलं, हा झोपला आहे, पुन्हा उठेल. विमलाबाई त्या शब्दांना धरून उभ्या राहिल्या. मी त्यांना नंतर कधी मोठ्यानं रडताना पाहिलं नाही. “तो पुढं गेला, भाऊजी. मी मागून जाईन,” एवढंच म्हणायच्या. दुलीचंद बाजूला उभे असायचे. विमलाबाईंनी कधी त्यांना विचारलं नाही, त्यांनी कधी खोडलं नाही. घरातल्या घरात पांघरूण वाटून घ्यावं तसं ते चाललं होतं. फरक एवढाच, की सगळं पांघरूण एकीच्याच अंगावर होतं.

दोन वर्षांपूर्वी विमलाबाईंना पोटाचा कॅन्सर निघाला. नागपूरला नेलं, उपचार झाले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा. पौर्णिमा नागपूरला शाळेत शिकवते, ती रजा घेऊन आली. मी ऑफिस सुटल्यावर चक्कर टाकायचो.

अशाच एका संध्याकाळी त्या उशाला टेकून बसल्या होत्या. दुलीचंद संत्र्याची साल काढत होते. विमलाबाई एकदम म्हणाल्या, “आयकता का जी? अनुराग मले भेटन ना?”

दुलीचंदांचे हात थांबले. त्यांना अडचणीत पाहून मीच घाईनं म्हणालो, “भेटेल की वहिनी! नक्की भेटेल.”

त्या माझ्याकडं बघून हसल्या. “तुमचं काय, भाऊजी! तुम्ही तं ऑडिटवाल्यालेही हौ म्हणता.”

पौर्णिमासुद्धा हसली. मीही हसलो. पण विमलाबाईंची नजर नवऱ्यावरून हटली नव्हती.

“सारेच हौ म्हणतात,” त्या म्हणाल्या. “पास्टर म्हणते, तो त्याचा धर्म हाय. पौर्णिमा म्हणते, ती लेक हाय. मीही आजवर हौच म्हणत आली. पण आता रात्री भेव लागते जी. वाटते, तिकडं काहीच नसन तं? तुम्ही उभ्या जन्मात खोटं बोलले नाही. तुम्ही एक डाव म्हना. मंग मले झोप लागन.”

दुलीचंदांनी संत्रं ताटलीत ठेवलं. “विमल,” ते म्हणाले, “मले माहीत नाही.”

विमलाबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. संत्रं तसंच राहिलं.

बाहेर ओट्यावर पौर्णिमानं बापाला गाठलं. तिची मराठी रागात टिकत नाही. “बाबा, आप पत्थर हो क्या? एक शब्द मांग रही है वो. किसी का क्या बिगड़ेगा?”

“बेटा, तिले शब्द नाही पाहिजे. शब्द तर तू बी देऊन राह्यली. तिले माझा पाहिजे.”

“तो दो ना!”

“माझ्यापाशी नाही तो. कुठून देऊ?”

पौर्णिमा पाय आपटत आत गेली. दुलीचंद माझ्याकडं वळले. “बडे बाबू, त्या पुस्तकातून मी एवढंच तं घेतलं होतं. हौ तं हौ, नाही तं नाही. त्याच्याच भरवशावर ती मले विचारून राह्यली. खोटं बोललो तं ते बी गेलं. नाही बोललो तं ती अशी चालली.”

मी जमाखर्चाचा माणूस. दोन बाजू जुळल्या नाहीत तर चूक शोधायची, एवढं मला येतं. इथं चूक कुठंच सापडेना.

ते पास्टरांकडंही गेले. मीच सोबत होतो. पास्टर म्हणाले, “प्रार्थना करून पाहा. विश्वास मागितला तर मिळतो.”

“मागतला, साहेब. काल गुडघे टेकून मागतला. अनुरागच्या खाटेजवळ. नाही आला.”

“पुन्हा मागा.”

“मागन. पण तेवढा वेळ तिच्यापाशी नाही. तुम्ही सांगा, खोटंच म्हणून देऊ का?”

पास्टर महेंद्र टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.  “तिचं आहे ते खरंच आहे, असं मी मानतो,” ते शेवटी म्हणाले. “पण तुम्ही ते मानत नसताना म्हणा, असं मी कसं सांगू? याच ठिकाणाहून खोटं बोलू नका म्हणून शिकवतो मी.”

आम्ही परत आलो.

त्यानंतर विमलाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. दुलीचंद त्यांचं अंग पुसत, केस विंचरत, चमच्यानं पेज भरवत. नर्सनं शिकवलेलं सगळं ते नर्सवरच करत होते. त्या निमूट करून घेत. झोप मात्र नव्हती. गोळी देऊनही डोळे उघडेच. पौर्णिमा बापाशी कामापुरतं बोलत होती.

एका दुपारी मी गेलो तेव्हा विमलाबाईंना धाप लागली होती. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते आणि दारात दुलीचंदांशी काहीतरी बोलले होते. दुलीचंद आत आले. खाटेशी खुर्ची ओढून बसले. कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, “विमल, अनुराग भेटन तुले.”

विमलाबाईंनी डोळे उघडले. “खरंच?”

“हौ.”

पौर्णिमानं तोंडावर पदर दाबला. मला वाटलं, सुटला बिचारा. विमलाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. नर्स थर्मामीटर बघते तसं, निरखून. मग हळूच म्हणाल्या, “म्हंजे डॉक्टरनं आज-उद्याचं सांगतलं, वाट्टे.”

दुलीचंद त्यांच्या अंगावरची चादर सारखी करू लागले.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पानी द्या.”

त्यांनी पाणी दिलं. ते ओठांवरून गळ्याशी ओघळलं, ते पुसलं. विमलाबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला, तो सोडला नाही. पहाटे गेल्या. डोळे मिटलेले होते. पण ते झोपेनं मिटले, की मनाला काही पटून मिटले, ते कोण सांगणार?

अनुरागच्या शेजारी जागा होती. माती देताना पास्टरांनी तेच शब्द म्हटले. दुलीचंद उभे होते, मान खाली.

पुढच्या रविवारी मी पेपर घेऊन व्हरांड्यात बसलो, पण लक्ष समोरच होतं. दुलीचंद आले. सगळ्यांबरोबर चपला काढल्या आणि आत न जाता पायरीवर बसून राहिले. गाणी झाली, पाठ झाला, प्रवचन सुरू झालं. तरी ते उठले नाहीत. चपलांचा ढीग त्यांच्या पुढ्यातच होता. त्यालाही हात लावला नाही. शेवटी मी रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

“आत नाही गेलात?”

“कोन्या तोंडानं जाऊ? पाठ तं माझा कधीच नव्हता. आता प्रवचन बी राह्यलं नाही.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “आणि मजा पहा, बडे बाबू. ज्याच्यासाठी खोटं बोललो, ते बी झालं नाही. का झालं असन? तुम्ही तिथंच होते. तिनं मानलं असन का जी माझं?”

मी आयुष्यभर हो म्हणत आलेला माणूस. चेअरमनला हो, तपासनिसाला हो. तोंड उघडलं. विमलाबाईंचं ते हसणं आठवलं.

“मला माहीत नाही, मेश्राम,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. आत प्रार्थना संपली आणि माणसं बाहेर येऊ लागली. पायरीवर गर्दी झाली. जो तो वाकून आपल्या चपला शोधत होता. एकाला एका पायातली सापडे, तर दुसरी सापडेना. “आज क्या हुआ भई?” कुणीतरी म्हणालं. त्या गर्दीच्या पायांत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.