कडूबाईचं दोन खणांचं घर

खर्ड्याच्या कडूबाईनं एकवीस वर्षं ऊसतोड केली. दिवाळी सरली की टोळीबरोबर कारखान्यावर जायचं, उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे हंगामापुरती झोपडी, घालायची आणि उन्हाळा लागला की ती मोडून गावात भाड्याच्या खोलीवर परतायचं. नवरा वारला, गुडघे गेले, तेव्हा हे जाणं-येणं थांबलं. दुपारभर ती लेकीच्या कॉम्प्युटरपाशी बसून राहू लागली.

लेक निकिता गेम खेळून त्यांचे मराठीतून व्हिडिओ करायची. त्यातला एक गेम ओसाड माळावर गाव वसवायचा होता. तो अर्ली ॲक्सेसमध्ये होता, म्हणजे अजून तयार होत असतानाच लोकांना खेळायला दिलेला. निकिता दर व्हिडिओत बजावायची की आज जेवढा आहे तेवढा आवडला तरच घ्या, उद्याच्या आशेवर घेऊ नका. मधेच बंद पडेल, बांधलेलं पुसलं जाईल, कदाचित पुरा होणारही नाही.

एकदा तिनं आईच्या हातात माऊस दिला. कोयत्यानं घट्टे पडलेला तो हात महिनाभर नुसताच अडखळत राहिला. मग कडूबाईनं ओढ्याकाठची उंचवट्याची जागा धरली आणि घर बांधायला घेतलं. दोन खण, पुढं ओटा, मागं झाडांची रांग. वर्षभर ती रोज तिथं काही ना काही करत राहिली. गेममध्ये दारं अजून उघडत नव्हती, म्हणून ती मागच्या भिंतीतल्या फटीतून आत जायची.

"दार कवा उघडंल गं?" ती विचारायची.

पुढच्या अपडेटला, असं निकिता सांगायची.

अपडेटची सूचना पंधरा दिवस आधी आली. दारं येणार होती, पण सगळ्यांनी बांधलेलं सगळं जाणार होतं. निकितानं त्यावर व्हिडिओ केला. चिडलेल्या लोकांना, हे होणारच होतं, असं एकेकाला शांतपणे समजावलं. आईला सांगायचं मात्र ती आज-उद्यावर ढकलत राहिली. गेमच तर आहे, असं स्वतःला म्हणत राहिली.

अपडेट आलं त्या दुपारी कडूबाई हात पुसून खुर्चीत बसली. समोर नुसता माळ होता. ती ओढ्यापर्यंत गेली, मागं फिरली, पुन्हा गेली.

"वाट चुकले का गं मी?"

तेव्हा निकितानं सांगितलं. कडूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"म्हंजी ती बी कोपीच हुती," कडूबाई म्हणाली. मग माऊस बाजूला सारून, "लोकास्नी सांगितलंस. मला बी सांगायचं हुतंस. एकदा आतून फिरून आले असते."

आपण पुन्हा बांधू, आता दारंही उघडतात, असं निकिता म्हणाली. गुडघे दुखतात असं सांगून कडूबाई उठली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. त्यानंतर ती त्या खुर्चीत बसली नाही.

निकितानं आठ दिवस खपून आठवेल तसं घर उभं केलं. मागच्या खणाला खिडक्या किती होत्या, ते तिला आठवेना. तिनं आईला विचारलं.

कडूबाई मटकी निवडत होती. "ध्यानात न्हाई," ती म्हणाली आणि खडा बाजूला टाकला.

आई खोटं बोलतेय हे निकिताला कळलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.