वहिनीसाठी तळलेले पोर्क चॉप्स

आमच्या काकूच्या स्वयंपाकघरात अंडं फुटत नाही. हा नियम आहे, आणि का, असं विचारायचं नाही. मी एकदा विचारलं होतं. काका आयपॅडमधून मान वर न काढता म्हणाले, "इथे राहायचंय ना?" संपलं संशोधन!

तर माझी फजिती ऐकायची असेल तर आधी कबूल करा, "आम्हाला वाटलंच होतं" असं मधेच कुणी म्हणणार नाही. कबूल? बरं.

मी अमेरिकेत, चँडलरला काका-काकूंकडे राहते. मास्टर्स झालं, इथे चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, आणि सांगलीहून बाबांचं फर्मान आलं, "सख्खा काका तिथे असताना भाड्याची खोली कशाला?" तेव्हापासून माझं ऑम्लेट गॅरेजमध्ये होतं. एक इलेक्ट्रिक शेगडी, एक तवा आणि शेजारी काकांच्या गाडीचे जुने टायर. ॲरिझोनातलं गॅरेज हो! उन्हाळ्यात शेगडी लावायचीसुद्धा गरज नाही, अंडं गाडीच्या बॉनेटवर फोडलं तरी तयार. तिथे मी घाम पुसत उभ्याउभ्या खायचे. पण तक्रार नव्हती. नियम सगळ्यांना सारखा, असं मी समजत होते ना!

मग आदित्यदादाने, म्हणजे काकूच्या लेकाने, मारिसेलशी लग्न केलं. ती फिलिपिनो. शाळेत गणित शिकवते. हसते गोड, बोलते गोड, आणि काकूच्या पाया पडते. स्वतःहून! मी काकूच्या पाया शेवटची कधी पडले ते काकूलाच विचारा. तिला पाठ आहे.

लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा तिने काय आणलं असेल? तळलेले पोर्क चॉप्स. डबाभर! मी मनात म्हटलं, चला, आता होणार महाभारत. जागा धरून बसले.

काकूने डब्यात पाहिलं. "हे काय गं?"

"पोर्क, आई. माय मॉम्स रेसिपी."

काकूने डब्याचं झाकण परत लावलं. आणि म्हणाली, "हो का? गार झालं असेल. थांब, गरम करून देते."

स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये! ज्याच्याजवळून मी उकडलेलं अंडं घेऊन गेले तरी काकू अगरबत्ती लावते, त्याच्यात डुक्कर गरगर फिरत होतं! वर स्टीलच्या ताटात वाढलं, लिंबाची फोड ठेवून.

"काकू, आणि माझं ऑम्लेट?"

"तुझं वेगळं. तिच्या घरचं अन्न आहे ते. तुझ्या घरी कधी होतं का?"

आता सांगा, जळेल की नाही माणूस? मी तर धडधडून पेटले. रात्रंदिवस डोक्यात एकच, वहिनी आणि तिचे चॉप्स. शेवटी ठरवलं, तिच्याहून सरस चॉप्स मी करून दाखवणार. त्याच ओट्यावर. बघू दे काकूला, घरातली हुशार मुलगी कोण ते.

एका शुक्रवारी दादा-वहिनी जेवायला यायचे होते. माझं वर्क फ्रॉम होम. काका-काकू देवळात गेले, आणि मी फिलिपिनो रेसिपीचा व्हिडिओ लावून कामाला लागले. सोया सॉस, ठेचलेला लसूण, मिरपूड, त्यांच्या त्या छोट्या आंबट लिंबांऐवजी आपलं साधं लिंबू. मुरवलं. वरून कॉर्नफ्लॉवर चोळलं. व्हिनेगरमध्ये मिरची आणि कांदा कापून टाकला, बुडवून खायला. व्हिडिओतली बाई म्हणाली, दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की काढा.

सोनेरी झाल्या की काढा? एवढ्यावर? आत कच्चं राहिलं म्हणजे? आणि तळणाचं मला कोण शिकवणार! दर दिवाळीला काकूच्या चकल्या मीच तळते. आच मंद, आणि तेलातले बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत झारा लावायचा नाही. मी तेच केलं. बुडबुडे काही थांबेनात. मीही हटेना. शेवटी थांबले. काय रंग आला होता म्हणून सांगू! एक चॉप वाजवून पाहिला. टणटण वाजला. म्हटलं, याला म्हणतात खमंग!

तेवढ्यात दार उघडलं. काकूने नाक वर केलं.

"केतकी! काय चाललंय माझ्या ओट्यावर?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. "वहिनीसाठी केलंय."

आणि जादू बघा. चढलेली भुवई सरळ खाली. "अगंबाई, हो? मग खिडक्या तरी उघड. आणि भात टाक, तिला भात लागतो."

म्हणजे वहिनीचं नाव घेतलं की डुक्करसुद्धा पवित्र! मी खिडक्या इतक्या आपटून उघडल्या की शेजारचं कुत्रं भुंकलं.

दादा-वहिनी आले. मी ताट वहिनीपुढे ठेवलं. तिचे डोळे चमकले. आणि लगेच हात तोंडावर गेला.

"ओह, केतकी... इट्स फ्रायडे."

"सो?"

दादा म्हणाला, "अगं, लेंट चालू आहे यार. ईस्टरच्या आधीचे शुक्रवार. ती मीट खात नाही. विचारायचंस ना!"

मला काय माहीत? संकष्टी, एकादशी, सोमवार, गुरुवार, सगळं मला पाठ. पण उपास दुसऱ्यांचेही असतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पण काकू! काकू तर विरघळलीच.

"म्हणजे उपास? कधीपासून करतेस? कुणी न सांगता?"

"सिन्स आय वॉज अ किड, आई."

"गुणाची गं बाई माझी! थांब, साबुदाणा भिजवलेलाच आहे. खिचडी टाकते. दाण्याचं कूट चालतं ना तुमच्या देवाला?"

काकांनी तर आयपॅड खाली ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा! "नाहीतर आमच्याकडच्या मुली. एकादशीला पिझ्झा."

वहिनी बिचारी माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "स्मेल्स जस्ट लाइक माय मॉम्स." चांगुलपणासुद्धा किती बोचतो हो! भांडली असती तर बरं वाटलं असतं.

काकू खिचडी परतता परतता म्हणाली, "केतकी, ते सगळं डब्यात भर. उद्या खाईल ती."

"सगळं?"

"तुला हवा तर घे एक. पण गॅरेजमध्ये जा हं. तिच्या उपासाच्या दिवशी समोर बसून खाणं बरं दिसतं का?"

झालं. माझे चॉप्स, माझा घाम, माझी फोड आलेली बोटं. डबा तिला, आणि मी टायरांशेजारी!

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"डबा भरणार नाही. गॅरेजमध्येही जाणार नाही. आजपासून मी जे खाईन ते या टेबलावर, या खुर्चीवर, ताटात वाढून घेऊन खाईन. तुम्हाला पटत नसेल तर उद्या खोली बघते."

काकूचा कालथा हवेतच राहिला. काकांनी आयपॅड पुन्हा उचलला. दादा टेबलक्लॉथवरची फुलं बघायला लागला. खिचडी करपायला लागली तरी कुणी हललं नाही.

मी खुर्ची ओढली, मान ताठ करून बसले, सर्वात मोठा चॉप उचलला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून त्याचा लचका तोडायला गेले.

तुटला नाही.

दुसऱ्या बाजूने लावला. दाढेखाली धरला. दोन्ही हातांनी ओढला. त्या भयाण शांततेत आवाज एकच येत होता, माझ्या दातांचा. पण माघार घेईल ती केतकी कसली! मी चावतच राहिले.